सोप्रानोला सोपं गाणं जड का जातं?

‘ती फुलराणी’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘माय फेअर लेडी’ची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. दोन्हींचं मूळ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये. १९६४ साली आलेल्या ‘माय फेअर लेडी’ या सिनेमात फुलवाली एलायझा झाली ऑड्री हेपबर्न, पण तिची बहुतेक गाणी गायल्या मार्नी निक्सन. पार्श्वगायनाची आपल्याला इतकी सवय आहे की यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. नवल आहे ते निक्सनबाईंच्या बाकीच्या उद्योगांचं. त्या शिकलेल्या सोप्रानो होत्या. सोप्रानो म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला बायकांचा सर्वांत उंच आवाज. आंतोन वेबर्न नावाच्या ऑस्ट्रियन संगीतकाराची गाणी त्यांनी १९५०च्या दशकात ध्वनिमुद्रित केली होती. वेबर्नची गाणी गुणगुणता येतील अशी नसतात. आवाज एका स्वरावरून पार दुसऱ्या सप्तकात उडी मारतो, आणि तिथे नेमका पडला नाही तर सगळा डोलारा कोसळतो. असा गळा फुलवालीच्या तोंडी इतका बेमालूम बसला कसा?

हे कोडं का आहे ते कळायला दुसरं एक ध्वनिमुद्रण शेजारी ठेवावं लागतं.

दोन मारिया

‘वेस्ट साइड स्टोरी’ हे न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत घडणारं संगीतनाट्य १९५७ साली ब्रॉडवेवर आलं. संगीत लेनर्ड बर्नस्टाइन यांचं. १९६१ साली त्याचा सिनेमा निघाला. नायिका मारिया, म्हणजे पोर्तो रिकोहून आलेली, लग्नाचे पोशाख विकणाऱ्या दुकानात काम करणारी पोर. ती भूमिका नॅटली वुडने केली आणि आवाज दिला पुन्हा मार्नी निक्सन यांनीच. पुढे १९८४ साली बर्नस्टाइन यांनी हे संपूर्ण संगीतनाट्य पहिल्यांदाच स्वतः संचालन करून ध्वनिमुद्रित केलं. या वेळी मारिया होत्या किरी ते कानावा. न्यूझीलंडच्या या सोप्रानोने १९७१ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात मोझार्टच्या ऑपेरातली काउंटेस गाऊन नाव कमावलं होतं, आणि १९८१ मध्ये राजपुत्र चार्ल्सच्या लग्नात गाऊन ते घराघरांत पोचवलं होतं. १९८७ मध्ये त्यांनी ‘माय फेअर लेडी’चंही पूर्ण ध्वनिमुद्रण केलं.

म्हणजे मारिया आणि एलायझा या दोन्ही पोरी दोन सोप्रानोंनी गायलेल्या आपल्याला ऐकायला मिळतात. किरी ते कानावांचा आवाज निर्विवाद मोठा, गोल, भरलेला. तरी माझ्या कानाला त्यांची मारिया दुकानातली पोर वाटत नाही, ती वाड्यातली बाईच राहते. निक्सन यांच्या आवाजात तेवढी श्रीमंती नाही, पण मारिया मात्र आहे. १९८४चा तो संच खूप खपला हेही सांगितलं पाहिजे, आणि त्यात अमेरिकन नायकाच्या भूमिकेत होसे कारेरास हे स्पॅनिश गायक असल्यामुळे उच्चारांची वेगळीच गंमत झाली होती. पोर्तो रिकोची नायिका न्यूझीलंडची आणि अमेरिकन नायक स्पेनचा!

थोर आवाज, सोपी चाल, स्वतः संगीतकार समोर उभा. मग अडतं कुठे? त्यासाठी सोप्रानोचा गळा कोणत्या कामासाठी घडवलेला असतो ते आधी पाहू.

शेवटच्या रांगेपर्यंत

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात जवळपास ३,८०० प्रेक्षक बसतात. रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक असतात, कधी त्याहून जास्त. गाणाऱ्या बाईच्या समोर मायक्रोफोन नसतो. तिचं रेशमासारखं हळुवार गाणंसुद्धा सर्वांत वरच्या गॅलरीतल्या स्वस्त तिकीटवाल्याला ऐकू गेलं पाहिजे. नुसतं जोर लावून हे होत नाही. जोर लावला तर दोन अंकांत गळा बसेल.

युक्ती अनुनादाची आहे. स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनातून निघतो तो नुसता एक बारीक गुंजारव. त्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो असाच एक उपस्वर. घसा आणि तोंड मिळून जी पोकळी होते ती यातल्या काही उपस्वरांना उचलून धरते, काहींना दाबते. कोणाला उचलायचं हे जीभ, ओठ, जबडा आणि स्वरयंत्राची उंची यांच्यावर ठरतं.

वाद्यवृंदाच्या आवाजाचा सगळ्यात जास्त जोर सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या आसपास असतो आणि पुढे तो उतरत जातो. स्टॉकहोमचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिलं, की ऑपेरातले पुरुष गायक स्वरयंत्र खाली ठेवून ३,००० कंपनांच्या आसपासचे उपस्वर एकत्र फुगवतात. तिथे वाद्यांची गर्दी विरळ असते, त्यामुळे आवाज वाद्यवृंदाच्या वरून निघून जातो. उंच गाणाऱ्या सोप्रानोचं गणित मात्र निराळं आहे. आपल्या प्रश्नाची पहिली गाठ तिथेच बसलेली आहे.

हंडा भरताना

नळाखाली हंडा लावला की तो किती भरला हे बघावं लागत नाही. आवाजावरून कळतं. आतली रिकामी जागा कमी होत जाते तसा आवाज घोगऱ्याचा चढा होत जातो. प्रत्येक पोकळीचा असा स्वतःचा एक स्वर असतो, आणि पोकळीचा आकार बदलला की तो बदलतो. तोंडाचंही तेच. ‘ई’ किंवा ‘ऊ’ म्हणताना बाईच्या तोंडाच्या पोकळीचा सर्वांत खालचा अनुनाद साधारण साडेतीनशे कंपनांच्या आसपास असतो. जबडा उघडून ‘आ’ म्हटलं की तो आठशे-नऊशेवर जातो. ‘ई’ आणि ‘आ’ यांतला फरक कानाला कळतो तो मुख्यतः या अनुनादांच्या जागांमुळे.

आता सोप्रानोने ७०० कंपनांचा स्वर लावला आणि शब्दात ‘ई’ आहे, असं समजा. पोकळीचा अनुनाद साडेतीनशेवर, आणि आवाजातला सगळ्यात खालचा घटकच ७०० वर. अनुनादाच्या हाताला धरायला तिथे काही नाहीच. आवाज एकदम पोचट होईल. म्हणून ती जबडा उघडते, अनुनाद वर सरकवून थेट स्वरावर आणून ठेवते, आणि मग तो स्वर तेवढ्याच ताकदीत मोठा होऊन बाहेर पडतो. किंमत एवढीच की ‘ई’चा ‘आ’ झाला. ‘ऊ’चाही ‘आ’ झाला. सोप्रानो उंच गेली की शब्द कळत नाहीत ही तक्रार जुनी आहे, आणि त्यात गायिकेचा आळस अजिबात नाही. शब्द ठेवायचे की आवाज पोचवायचा, यांतलं एकच त्या उंचीवर शक्य असतं. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरात जवळपास सगळं इंग्रजीतच गातात. तिथेही २००५ पासून रंगमंचाच्या वर इंग्रजी शब्द झळकवायला लागले, ते उगीच नाही.

लोकप्रिय गाण्यात बाजू उलटी. तिथे शब्द पहिला. एलायझा कोणत्या मोहल्ल्यातली आहे हे उच्चारावरून कळलं नाही तर नाटकच उरत नाही.

> चौकट : किती उंच म्हणजे उंच?
> हिंदुस्थानी संगीत गाणाऱ्या बऱ्याच गायिका काळी चारच्या आसपास षड्ज लावतात. काळी चारचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा, तार षड्ज ४१५ चा, तार पंचम ६२२ चा. सोप्रानोचा प्रसिद्ध ‘हाय सी’ सुमारे १,०४७ कंपनांचा. काळी चारच्या हिशेबाने तो अतितार सप्तकातला शुद्ध गंधार होतो. आपल्या कानाला ऑपेरा सुरुवातीला परका वाटतो त्याचं एक कारण इथे आहे. सोप्रानोची खरी कर्तबगारी जिथे सुरू होते तिथे आपल्या बहुतेक गायिकांची मैफल संपलेली असते.

जाड कड, पातळ कड

दुसरी गाठ स्वरतंतूंची. ते बाईच्या गळ्यात जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर लांबीचे असतात आणि मुख्यतः दोन तऱ्हांनी कंप पावतात. बोलताना ते आखूड आणि जाडसर असतात, पूर्ण जाडीने एकमेकांवर आपटतात, आणि प्रत्येक कंपनात बराच वेळ मिटलेले राहतात. आवाज ठसठशीत येतो. गाणं शिकवणारे याला ‘छातीचा आवाज’ म्हणतात, कारण छातीवर हात ठेवला तर थरथर जाणवते. दुसऱ्या तऱ्हेत तंतू ताणले जाऊन पातळ होतात आणि फक्त कडा थरथरतात. आवाज मऊ, बासरीकडे झुकणारा. हा ‘डोक्याचा आवाज’. दोन्ही नावं शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहेत. आवाज छातीतही तयार होत नाही आणि डोक्यातही नाही. पण गवयांची भाषा अनुभवाची असते, तिला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

सोप्रानो वर्षानुवर्षं मेहनत करून डोक्याचा आवाज खालपर्यंत आणते, दोन्हींमधला सांधा दिसेनासा करते. एखादी बाई बोलते त्या उंचीवरही ती पातळ कडेनेच गाते. लोकप्रिय गाण्याचं तंत्र बरोबर उलट. तिथे छातीचा, बोलण्याच्या जातीचा आवाज वरवर न्यायचा. तो फारच वर नेला की त्याला ‘बेल्ट’ म्हणतात. बेल्टमध्ये स्वरयंत्र खाली न ठेवता थोडं वर येऊ देतात, तोंड रुंद उघडतात आणि अनुनाद मूळ स्वरावर न ठेवता त्याच्या दुसऱ्या उपस्वरावर ठेवतात. स्वर ४४० चा असेल तर दुसरा उपस्वर ८८० चा, आणि ‘आ’चा अनुनाद त्याच भागात. म्हणून बेल्ट गल्लीतून मारलेल्या हाकेसारखा ऐकू येतो.

मायक्रोफोनमुळेच बेल्ट जन्माला आला असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते पटत नाही. गायिका एथेल मर्मन १९३० साली ‘गर्ल क्रेझी’त ब्रॉडवेवर आल्या तेव्हा त्यांच्यापुढे मायक्रोफोन नव्हता, आणि त्यांचा शब्दन् शब्द मागच्या रांगेत पोचत होता. शेवटच्या रांगेपर्यंत जायच्या वाटा दोन आहेत, एवढाच याचा अर्थ. ऑपेराने एक धरली, ब्रॉडवेने दुसरी. एकीवर वीस वर्षं चाललेल्या पायांना दुसरी सहज सापडत नाही.

मायक्रोफोनने केलं ते निराळंच. १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि बिंग क्रॉस्बीसारखे गायक मायक्रोफोनच्या कानात सांगितल्यासारखं गाऊ लागले. अंतर संपलं. गाणारा श्रोत्याच्या पलीकडच्या खुर्चीत बसलाय असं वाटायला लागलं. अशा जवळिकीत ३,८०० लोकांसाठी घडवलेला आवाज आणला की त्याची प्रत्येक सवय मोठी दिसते. उदाहरणार्थ व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचं ठरावीक लयीतलं डोलणं. ऑपेरात ते सेकंदाला पाच ते सात वेळा चालतं आणि पहिल्या क्षणापासून असतं. लोकप्रिय गाण्यात स्वर सरळ लागतो, डोलणं आलंच तर शेवटी, ओळ सोडताना. काउंटेस आणि दुकानातली पोर यांच्यातलं निम्मं अंतर मला वाटतं या एका गोष्टीत आहे.

निक्सन यांनी काय केलं

मारियाची आणि एलायझाची गाणी मुळात हलक्या सोप्रानोसाठीच लिहिलेली आहेत. तिथे बेल्टची गरज नाही. म्हणजे निक्सन यांना पट्टी बदलायची नव्हती, वजन उतरवायचं होतं. डोक्याचा आवाज तसाच ठेवून त्यांनी व्हायब्रेटो बारीक केलं, स्वर सरळ लावला, व्यंजनं बोलण्याइतकी पुढे आणली. स्टुडिओत मायक्रोफोन असल्यामुळे जबडा उघडून अनुनाद स्वराच्या मागे धावडवायची सक्ती नव्हती. ‘ई’ला ‘ई’ राहू देता आलं.

त्यात त्यांना दुसरीच्या बोलण्यातून गाण्यात शिरायचं होतं. १९५६ च्या ‘द किंग अँड आय’मध्ये अभिनेत्री डेबरा कर यांच्यासाठी गाताना दोघींनी मिळून तालीम केली. बोलते शब्द कर यांचे, गायलेले निक्सन यांचे, आणि सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. नॅटली वुडच्या बाबतीत काम जास्त अवघड होतं. चित्रण तिच्या स्वतःच्या आवाजावर झालेलं होतं, आणि तिच्या ओठांच्या हालचालींवर निक्सन यांना नंतर गाणं बसवावं लागलं. ‘माय फेअर लेडी’त एलायझा तिला बोलणं शिकवणाऱ्या हिगिन्सला शिव्याशाप देते त्या गाण्यात खालचा, खरखरीत भाग हेपबर्नचाच आहे, आणि चाल वर चढते तिथे निक्सन येतात. कान देऊन ऐकलं तर जोड सापडतो.

या सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या तबकडीच्या मानधनातला एक छोटा वाटा बर्नस्टाइन यांनी आपल्या हिश्श्यातून त्यांना दिला, हे त्यांच्या मोठेपणाचं. आपल्याकडच्या पार्श्वगायिकांची नावं त्याच काळात रेडिओवरून घराघरांत पोचत होती.

पट्टी खाली, गळा वेगळा

संगीतनाट्यातली सोप्रानोची भूमिका आणि खरं लोकप्रिय गाणं यांत मात्र फरक आहे. ब्लूज, जाझ, रॉक यांची पट्टी खाली असते. तिथे नुसतं वजन उतरवून भागत नाही, छातीच्या आवाजात यावंच लागतं. पुष्कळ सोप्रानो हे टाळतात. गाणं आपल्या पट्टीत वर उचलतात, आणि मग प्रेमाचं साधं गाणं प्रार्थनेसारखं ऐकू येतं.

अमेरिकन सोप्रानो आयलीन फॅरेल यांनी असं केलं नाही. आईवडील व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर गाणारे, त्यामुळे हलकंफुलकं गाणं घरातलंच. पुढे रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम. १९५९ मध्ये इटलीतल्या स्पोलेतो महोत्सवात त्या व्हेर्दीचं ‘रेक्विएम’ गायला गेल्या होत्या. तिथेच आलेले जाझवाले लुई आर्मस्ट्राँग आजारी पडले, तेव्हा त्यांच्याऐवजी बँडबरोबर फॅरेल उभ्या राहिल्या. १९६० साली त्यांची ब्लूजची तबकडी निघाली, आणि त्याच वर्षी मेट्रोपॉलिटनमध्ये त्यांचं पदार्पण झालं. तबकडी ऐकताना वाग्नरचं ऑपेरा-संगीत गाणारी बाई कुठेच भेटत नाही. आवाज खाली आहे, शब्द सैल पडतात, ओळ ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते.

ऑपेराच्या सोप्रानो रने फ्लेमिंग यांचंही असंच. शिकत असताना त्या जाझच्या त्रिकुटाबरोबर बारमध्ये गात. २०१० मध्ये त्यांनी ‘डार्क होप’ हा रॉक गाण्यांचा संच काढला. त्यात त्या इतक्या खाली आणि इतक्या साध्या गायल्यात की नाव सांगितल्याशिवाय ओळखू येत नाहीत. काहींना ते फार सपाट वाटलं. त्यात थोडं तथ्य आहे, कारण छातीच्या आवाजात त्यांना डोक्याच्या आवाजाइतके रंग सापडलेले नाहीत.

पण लहानपणची सवय असली की झालं, असंही नाही. किरी ते कानावासुद्धा तरुणपणी न्यूझीलंडच्या क्लबांतून लोकप्रिय गाणी गात होत्या. १९८४ मध्ये बर्नस्टाइन यांना ऑपेराचेच आवाज हवे होते, म्हणून किरी यांनी ऑपेराचा आवाज दिला. त्यांची मारिया जड झाली, यातला काही दोष मागणीकडेही जातो.

वेशीवरचे पहारेकरी

या वाटेवर गळ्याइतकीच माणसांची अडचण असते. वाग्नरच्या नायिका गाणाऱ्या हेलन ट्रॉबेल नाइट क्लबमध्ये गाऊ लागल्या. मेट्रोपॉलिटनचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांना ते रुचलं नाही, आणि १९५३ मध्ये बाईंनी मेट्रोपॉलिटन सोडलं. दोन वर्षांनी त्या रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्या ‘पाइप ड्रीम’मध्ये ब्रॉडवेवर होत्या. खालच्या पट्टीत गायलं की उंच स्वर जातात, अशी धास्ती शिक्षकांनाही असते. जड आवाज ताणून वर नेला तर ती रास्तच आहे. पण फ्लेमिंग ‘डार्क होप’नंतरही गात राहिल्या, आणि २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटनला रिशार्ड स्ट्राउसच्या ऑपेरातली मार्शालिन गायल्या.

आता तर वर्दळ दोन्ही दिशांनी आहे. ‘विकेड’ (२००३) या संगीतनाट्यात ग्लिंडा उंच सोप्रानोत गाते आणि एल्फबा बेल्टमध्ये. मूळ ग्लिंडा क्रिस्टिन चेनोवेथ ऑपेरा शिकलेल्या. २०२४ च्या सिनेमात ती भूमिका पॉप गायिका आरियाना ग्रांडेकडे आली, म्हणजे या वेळी वाट उलट्या बाजूने चढली गेली. चेनोवेथ आणि ब्रॉडवेच्या केली ओहॅरा ओक्लाहोमात एकाच गुरूकडे, फ्लॉरेन्स बर्डवेल यांच्याकडे शिकल्या. २०१४ च्या ३१ डिसेंबरला मेट्रोपॉलिटनमध्ये ‘द मेरी विडो’चा नवा प्रयोग झाला. त्यात ओहॅरा पहिल्यांदा त्या रंगमंचावर आल्या, आणि नायिका होत्या फ्लेमिंग. २०१८ मध्ये फ्लेमिंग ‘कॅरोसेल’साठी ब्रॉडवेवर गेल्या. २०२२ मध्ये ‘द अवर्स’ या नव्या ऑपेरात दोघी पुन्हा एकत्र गायल्या, मेट्रोपॉलिटनच्याच रंगमंचावर.